बॅगेतलं औषध आणि सीमेवरचे चार प्रश्न

नाशिकमधून औषधं परदेशी जाणं ही रोजची गोष्ट आहे. अंबडच्या ग्लॅक्सोच्या कारखान्यात तयार होणारी अल्बेन्डाझोलची गोळी हत्तीरोग हटवण्याच्या जागतिक मोहिमेसाठी दूरदूरच्या देशांत जाते. सातपूरला ग्लेनमार्कचा कारखाना आहे. सिन्नरजवळच्या माळेगाव वसाहतीतून एचआयव्हीवरच्या गोळ्या बाहेर पडतात. यातल्या प्रत्येक खोक्यासोबत कागद जातात. त्यांत औषधाचं मूळ नाव असतं, प्रमाण, बॅच क्रमांक आणि मुदत असते, कोणी बनवलं आणि कोणाकडे चाललं हेही असतं. कागद अपुरे पडले तर माल बंदरातच थांबतो.

याच शहरातून दर पावसाळ्यात मुलं शिकायला बाहेर पडतात, जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला. त्यांच्याही बॅगेत औषधं असतात. कोणाची थायरॉइडची गोळी, कोणाचा दम्याचा पंप, कोणाचं इन्सुलिन, कोणाची फिट येऊ नये म्हणूनची गोळी, कोणाची मुरुमांवरची कॅप्सूल, तर कोणाची नैराश्यावरची, जिच्याबद्दल घरातही हळू आवाजात बोललं जातं. त्यात भर म्हणून ‘लागलं तर असू दे’ या नावाखाली सर्दी, ताप, जुलाब आणि ॲसिडिटीचं एक छोटं दुकान. कॉलेज रोडवरचे सल्लागार व्हिसा, कर्ज, प्रवेशपत्र, राहण्याची जागा या सगळ्याची यादी करून देतात. औषधांचा रकाना मात्र बहुधा कोणाच्याच यादीत नसतो.

याचं कारण निष्काळजीपणा नाही. घरी असताना एका औषधाची माहिती तीन-चार माणसांत वाटलेली असते. गोळी कधी घ्यायची हे आईला माहीत, का घ्यायची हे डॉक्टरांना आणि कोणत्या कंपनीची द्यायची हे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. ज्याच्या पोटात ती गोळी जाते त्याला कित्येकदा तिचा रंगच तेवढा ठाऊक असतो. इथे त्याने काही बिघडत नाही. परदेशी विमानतळावर मात्र हे सगळे मागे राहतात आणि उत्तरं द्यायला एकटा विद्यार्थी उरतो. त्याला विचारले जाणारे प्रश्न खरं तर चारच असतात: हे काय आहे, कोणाचं आहे, किती आहे आणि कशासाठी आहे.

पण त्याआधी, परक्या देशाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीत एवढा रस का असतो?

डॉक्टरांची चिठ्ठी कुठवर चालते

औषधांवरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची सुरुवात अफूपासून झाली. १९१२ मध्ये हेग इथे अफूविषयीचा पहिला करार झाला. १९६१ च्या करारात अफू, मॉर्फिन, कोडीन, गांजा यांसारखे पदार्थ एका चौकटीत आले, आणि १९७१ च्या करारात मनावर परिणाम करणारी औषधं आली, म्हणजे झोपेच्या व चिंतेवरच्या गोळ्या आणि उत्तेजक द्रव्यं. हे करार किमान बंधनं ठरवतात. त्याहून कडक व्हायला प्रत्येक देश मोकळा आहे. भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा केला, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो. दुसऱ्या देशांचे असेच आपापले कायदे आहेत आणि त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

ट्रामाडॉल हे याचं बोलकं उदाहरण. कंबरदुखी, अपघात, शस्त्रक्रिया यांनंतर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं हे वेदनाशामक. आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीत ते नाही. भारतानेही ते २०१८ मध्येच एनडीपीएसखाली आणलं. इजिप्तमध्ये मात्र त्याच्या व्यसनाचा प्रश्न मोठा असल्याने नियम फार कडक आहेत. २०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन तिथे उतरली आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. २०१९ च्या सुरुवातीला ती सुटली. अमेरिकेची बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर हिचं प्रकरण तर जगभर गाजलं. वेदनांसाठी ॲरिझोनातल्या डॉक्टरांच्या शिफारशीने ती वापरत असलेलं गांजाचं तेल २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात सापडलं. नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

‘वेदनांसाठी आहे’ हे उत्तर दोघींकडेही होतं. डॉक्टरांची चिठ्ठी रुग्णाचा हेतू सांगते, पण दुसऱ्या देशाचा कायदा बदलत नाही. म्हणून औषध भारतात कायदेशीर आहे का, हे पाहून भागत नाही. ज्या देशात उतरायचं त्याच्या आरोग्य खात्याच्या किंवा कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर ते मूळ नावाने शोधावं लागतं. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळही प्रवाशांसाठी देशोदेशींचे नियम एकत्र ठेवतं.

वाटेत विमान बदलायचं असेल तर तो देशही पाहावा. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे जाणारी मुलं पुष्कळ. विमानतळाबाहेर पाय न ठेवता पुढचं विमान पकडलं तर सहसा प्रश्न येत नाही. पण विमान रद्द झालं आणि रात्रीपुरतं हॉटेलवर जावं लागलं, की आपण त्या देशात शिरलो आणि तिथला कायदा लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते.

हे काय आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या नावात नसतं. ते ब्रँडचं नाव. त्याखाली बारीक अक्षरांत असतं ते औषध. ‘अल्ट्रासेट’ हे नाव वाचून त्यात पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल आहे हे कळत नाही. ‘थायरोनॉर्म’ किंवा ‘एल्ट्रॉक्सिन’ परदेशातल्या डॉक्टरांच्या कानावरून गेलेलं नसेलही; लेव्होथायरॉक्सिन म्हटलं की त्यांना लगेच समजतं. मूळ नावांतही दोन-तीन फेर लक्षात ठेवावे लागतात. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन असतं आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल.

ब्रँडच्या नावावर विसंबण्याचा धोका नुसत्या गोंधळापुरता नाही. ‘फ्लोमॅक्स’ या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचं औषध मिळतं आणि इटलीत सूज-वेदनेवरचं. एकाच नावाखाली वेगळ्या देशांत वेगळं औषध विकलं जातं, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये प्रवाशांना मुद्दाम दिली होती.

आपल्या स्ट्रिपवर काही खुणा असतात, त्या घरी बसूनच वाचता येतात. डाव्या कडेची उभी लाल रेघ म्हणजे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ‘आरएक्स’च्या आधी ‘एन’ अक्षर असेल तर ते एनडीपीएस कायद्याच्या कक्षेतलं. ‘एक्स’ असेल तर परिशिष्ट एक्समधलं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. लक्ष एकाग्र होत नाही म्हणून दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट याच वर्गात येतं. ‘एन’ किंवा ‘एक्स’ दिसलं, की समजावं, हे औषध नेण्याआधी त्या देशाची परवानगी लागते का ते तपासायला हवं. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि तीव्र वेदनाशामकं बहुधा याच रांगेत सापडतात.

उलटही घडतं. इथे साधं समजलं जाणारं औषध तिथे नियंत्रित असतं. मानेपासून हातात येणाऱ्या मुंग्यांसाठी आपल्याकडे सहज लिहिलं जाणारं प्रेगाबालिन ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून नियंत्रित यादीत टाकलं. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर सर्दीची गोळीही अडते, आणि ॲम्फेटामाइन असलेलं औषध तर डॉक्टरांचं पत्र असूनही नेता येत नाही. नाइमसुलाइड आपल्याकडे घरोघरी असतं, पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते कधी मान्यच झालं नाही. तिथल्या डॉक्टरांना ‘मी नेहमी हेच घेतो’ असं सांगून उपयोग नाही.

आता आपल्या खास सवयींकडे येऊ. मेडिकलमध्ये आपण ‘चार गोळ्या द्या’ म्हणतो आणि दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो. मुदत आणि बॅच क्रमांक असलेला तुकडा नेमका दुकानात राहतो. प्रवासात अख्ख्या स्ट्रिपा त्यांच्या मूळ खोक्यात न्याव्यात. फॅमिली डॉक्टर स्वतःच्या बरणीतून काढून कागदाच्या पुडीत देतात त्या पिवळ्या-गुलाबी गोळ्या तर अजिबात नेऊ नयेत. त्या काय आहेत हे पुडी सांगत नाही, आणि घेणाराही सांगू शकत नाही.

हीच गोष्ट काढ्यांची आणि चूर्णांची. आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी आणि म्हणून कायद्याच्या बाहेर, असा एक समज आपल्यात पक्का आहे. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. रसौषधींत धातू हेतुपूर्वक वापरले जातात हे वैद्य सांगतील, पण कस्टम्सच्या प्रयोगशाळेला त्या परंपरेशी देणंघेणं नाही. काही जुन्या कल्पांत तर भांग किंवा अफू असते. आपल्याच औषध नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये अहिफेन आणि भांग ही नावं आहेत, आणि अफू असलेल्या कामिनी विद्रावण रसाविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने इशारे दिले आहेत. नामांकित कंपनीचं, सीलबंद, घटक इंग्रजीत छापलेलं असेल तेवढंच न्यावं आणि तेही गरज असेल तर.

औषधाच्या जोडीने एक खाद्यपदार्थही सांगायला हवा. अनारशांना लावलेली किंवा डिंकाच्या लाडवात घातलेली खसखस अफूच्याच झाडाचं बी आहे. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर इथे ती नेण्यास मनाई आहे. त्या वाटेने जाणाऱ्या मुलाच्या डब्यातले लाडू बिनखसखशीचे करावेत.

कोणाचं आहे?

अमेरिकेत औषधाच्या बाटलीवर रुग्णाचं नाव छापलेलं लेबल असतं, आणि तिथल्या सीमेवरच्या अधिकाऱ्याला तीच सवय असते. आपल्या स्ट्रिपवर रुग्णाचं नाव नसतं. ही उणीव दोन कागद भरून काढतात: डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचं छापील बिल. बिलावर रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि बॅच क्रमांक असावा. गोळे कॉलनीतून घाऊक भावात औषध आणलं तरी बिल विद्यार्थ्याच्याच नावाने घ्यावं. वडिलांच्या किंवा ‘कॅश’ नावाने घेतलेलं बिल इथे निरुपयोगी.

नावाचा आणखी एक आपला घोळ आहे. फॅमिली डॉक्टरांनी मुलाला लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्यामुळे फायलीवर लाडकं नाव असतं किंवा नुसतं आडनाव. पासपोर्टवर मात्र स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी पूर्ण रांग असते. पत्रावर आणि चिठ्ठीवर पासपोर्टमधलं नाव अक्षरशः तसंच हवं.

आणि मग ते नेहमीचं वाक्य येतं: ‘तू चाललाच आहेस तर आमच्या बंटीसाठी एवढं पाकीट नेतोस का?’ दुसऱ्याचं औषध नेऊ नये. ओळखीच्या मित्राचं नको आणि सख्ख्या मावशीचंही नको. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं दोहाच्या विमानतळावर पकडलं गेलं. जवळच्या नातेवाइकाने विश्वासाने सोपवलेल्या पाकिटात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. भारतातल्या तपासातून ते फसवले गेल्याचं समोर आलं, फेरसुनावणीत निर्दोष ठरून ते २०२१ मध्ये परत आले, पण दरम्यान त्यांची मुलगी कतारच्या तुरुंगातच जन्मली होती. ते औषध नव्हतं हे खरं. पण पाकीट नेणाऱ्याला आत काय आहे हे माहीत नसणं, हा भाग दोन्हीकडे सारखाच.

किती आहे?

बऱ्याच देशांत साध्या औषधांसाठी तीन महिन्यांचा साठा हा सर्वसाधारण मापदंड आहे. अमेरिकेत ९० दिवसांपुरतं औषध, ऑस्ट्रेलियात प्रवाशाच्या स्वतःच्या उपयोगासाठी तीन महिन्यांचं, जर्मनीतही साधारण तेवढंच. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधंही तीन महिन्यांच्या आतली असतील तर डॉक्टरांच्या पत्रावर चालतात. त्यापुढे गृह खात्याचा परवाना लागतो. जपानची मर्यादा कमी आहे. चिठ्ठीवरचं औषध एका महिन्याहून अधिक असेल तर ‘युन्यू काकुनिन्शो’ नावाचं आयात प्रमाणपत्र निघण्याआधीच मिळवावं लागतं. युरोपातल्या शेंगेन देशांत नियंत्रित औषधांसाठी ३० दिवसांचं गणित आणि वेगळं प्रमाणपत्र आहे.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणून दोन वर्षांच्या गोळ्या भरणं त्यामुळे चुकीचं ठरतं. मोठा साठा विक्रीसाठी असल्याचा संशय येतो, आणि तेवढ्या काळात मुदतही उलटते. पत्रात रोजची मात्रा आणि दिवस लिहिलेले असतील तर गणित कोणालाही पडताळता येतं: रोज एक गोळी, ९० दिवस, ९० गोळ्या. बॅगेतल्या स्ट्रिपा या आकड्याशी जुळायला हव्यात.

कशासाठी आहे?

इथे डॉक्टरांचं पत्र लागतं. ते लेटरहेडवर, इंग्रजीत, वाचता येईल असं टाइप केलेलं असावं. त्यात पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, आजाराचं नाव, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ताकद, मात्रा, एकूण संख्या, प्रवासाचा काळ आणि डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक एवढं हवं. सुई, सिरिंज, पंप, साखर मोजण्याचं यंत्र यांचाही उल्लेख असावा. नाशिकसारख्या शहरात फॅमिली डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात आणि वर्षानुवर्षं घर सांभाळतात. तरीही या पत्रासाठी ज्या तज्ज्ञाने औषध सुरू केलं त्याच्याकडे जावं, विशेषतः मेंदूच्या, मनाच्या आणि वेदनेच्या औषधांसाठी. मात्रा का ठरली, आधी काय देऊन पाहिलं, हे तोच लिहू शकतो, आणि परदेशातला डॉक्टरही तेच विचारणार असतो.

फॉर्मवर विचारलं असेल तर खरं सांगावं. ऑस्ट्रेलियाच्या आगमनपत्रावर औषधांचा प्रश्न असतो. तिथे ‘हो’वर खूण करून कागद दाखवणाऱ्याची चार मिनिटं जातात, ‘नाही’वर खूण करून ज्याच्या बॅगेत औषध निघतं, त्याने खोटं सांगितलेलं असतं.

नैराश्य किंवा चिंतेवरच्या गोळ्यांबाबत घराघरांत एक वेगळीच सूचना दिली जाते: ‘तिकडे कशाला सांगतोस, बंदच कर ना आता.’ अशी औषधं एकदम थांबवली की चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात, आणि तेही नवा देश, एकटेपणा आणि थंडी सुरू होत असतानाच. बंद करायची असतील तर ती डॉक्टरांनी हळूहळू कमी करायची असतात आणि त्यासाठी निघण्याचा महिना सोयीचा नसतो. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला आजार सांगितला तर परीक्षेत जादा वेळ किंवा समुपदेशन मिळू शकतं.

हातातली बॅग आणि घड्याळ

औषध नेहमी हातातल्या बॅगेत. मोठी बॅग उशिरा येते, कधी हरवते, आणि विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामीच. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं, पण बर्फाला थेट टेकवून नाही. उष्णतेचा धोका तर नाशिकमधून निघतानाच सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये गाडी चहासाठी इगतपुरीला उन्हात उभी केली आणि पिशवी डिकीत राहिली, तर विमानात बसण्याआधीच औषध बिघडू शकतं. शंभर मिलिलिटरच्या द्रवाच्या नियमातून गरजेच्या औषधाला सूट मिळते. तपासणीला चिठ्ठीसह वेगळं काढून दाखवावं.

इन्सुलिनच्या बाबतीत एक गोष्ट जिवाशी येऊ शकते. भारतात बाटलीतलं इन्सुलिन अजूनही बऱ्याच ठिकाणी ४० युनिट प्रति मिलिलिटर असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिका-युरोपात १०० युनिटचं चालतं. तिथलं इन्सुलिन इथल्या लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीच्याच खुणेपर्यंत भरलं तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. निघण्याआधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने १०० युनिटच्या पेनवर येणं सुरक्षित.

वेळेचा प्रश्नही औषधागणिक बदलतो. फ्रँकफर्ट आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, न्यूयॉर्क साडेनऊ. लेव्होथायरॉक्सिन निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे एक गोळी काही तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही. फिटच्या गोळीला आणि इन्सुलिनला मात्र अशी सूट नाही. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, जेवणं वाढतात, आणि त्या एका दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं लागतं.

तीन महिने संपल्यावर

खरी परीक्षा पोचल्यानंतर असते. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी अमेरिकेतल्या, ब्रिटनमधल्या किंवा जर्मनीतल्या दुकानात चालत नाही. तिथल्या डॉक्टरांना भेटून नवी चिठ्ठी घ्यावी लागते आणि भेटीची वेळ मिळायला आठवडे जाऊ शकतात. म्हणून साठा तीन महिन्यांचा असला तरी नोंदणी पहिल्या पंधरवड्यात उरकावी. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेलाच असतो. स्थानिक डॉक्टरांकडे नाव नोंदवायला वेगळे पैसे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडत होते, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. जर्मनीत सार्वजनिक विमा असेल तर औषधामागे साधारण पाच ते दहा युरो भरावे लागतात, आणि २०२४ पासून चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक झाली आहे. अमेरिकेला निघताना भारतातून स्वस्त विमा घेणाऱ्यांनी आधीपासूनचा आजार त्यात धरला आहे का, ही एकच ओळ शोधून वाचावी.

नवे डॉक्टर जुनं औषध जसंच्या तसं पुढे चालू ठेवतीलच असंही नाही. फिटसाठी आपल्याकडे दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या नव्या रुग्णाला ते सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची संमती लागते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनलाही याच कारणाने तिथे तज्ज्ञांची देखरेख आणि अमेरिकेत स्वतंत्र नोंदणी आहे. जुने रक्ताचे अहवाल, ईईजी, डिस्चार्ज कार्ड सोबत असेल तर ‘हेच का’ या प्रश्नाला उत्तर मिळतं.

‘नाहीतर आम्ही पाठवू कुरिअरने’ हा घरचा शेवटचा आधार असतो. असंच एक औषध पूर्वी उलट दिशेने आलं होतं. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्यात असताना त्यांची प्रकृती ढासळत होती. डोकेदुखी, ताप, धाप. तेव्हा न्यू जर्सीच्या रोझेलमधून त्यांच्या स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना औषधं पाठवली होती. माया खरी होती, गुण आला नाही. १८८३ मध्ये त्याच प्रकृतीने त्या बोटीत बसल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. हजारो मैलांवरून, नाडी न पाहता पाठवलेल्या औषधाची मर्यादा तेव्हाही होती. आज त्यावर कायदाही बसला आहे. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीला टपालाने औषध मागवता येत नाही. अमेरिकेत परदेशी नागरिकाला पाठवायचं तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी हे सगळं पार्सलमध्ये लागतं. २०१५ मध्ये टोयोटाच्या एका अमेरिकी वरिष्ठ अधिकाऱ्याला जपानमध्ये टपालाने आलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांपायी अटक झाली. पुढे आरोप न ठेवता सुटका झाली, पण त्याआधी पद सोडावं लागलं होतं.

कुठे अडवलंच तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी भारतीय दूतावासाशी बोलायची मागणी करता येते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी नागरिकाला तो हक्क आहे. दूतावासाचा क्रमांक फोनबरोबरच कागदावरही लिहिलेला असावा.

आता राहिली तयारी, आणि ती कागदांपेक्षा आधी सुरू होते. व्हिसाची धावपळ सुरू होईल तेव्हाच औषधांचा ताबा मुलाकडे द्यावा. दर महिन्याचं औषध त्याने स्वतः मेडिकलमधून आणावं, बिल तपासावं, मूळ नाव पाठ करावं, गोळी कधी संपते ते स्वतः पाहावं. डॉक्टरांकडे त्याने एकट्याने जावं आणि बोलणंही त्यानेच करावं. आईने आठवण करून द्यायची नाही. पहिल्या महिन्यात दोन-तीन गोळ्या चुकतील. त्या नाशिकमध्ये चुकू द्याव्यात. इथे निदान आईच्या लक्षात येईल.